झाडं ओळखायला शिकायचंय? मग एकच रस्ता धरा, वर्षभर

तीन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याच्या सकाळी मी मोठ्या रुबाबात कोपऱ्यावरच्या झाडाची डहाळी तोडून आणली, कडुनिंब म्हणून. आईनं हातात घेतली, चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, "हे काय उचलून आणलंस? हा कडुनिंब नाहीये." मी म्हटलं, अगं पानं बघ ना, तशीच आहेत, कडा पण दातेरी आहे. "असेल. पण वास बघ की, घाण येतोय." तो निघाला महारुख. आणि गंमत म्हणजे त्या झाडाखाली मी रोज बसची वाट बघत उभा असायचो, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं मी महारुखाला मनातल्या मनात कडुनिंब म्हणत होतो आणि झाडाला त्याचं काही नव्हतं, पण मला फार लाज वाटली.

त्यानंतर शिकायला सुरुवात केली. आधी सगळे करतात तीच चूक केली, म्हणजे दर रविवारी नवीन जागा. आज एम्प्रेस गार्डन, पुढच्या रविवारी विद्यापीठ, मग टेकडी. प्रत्येक ठिकाणी तीस-चाळीस नावं कळायची आणि बुधवारपर्यंत सगळी विसरायची. मग एका ओळखीच्या काकांनी, जे निवृत्त झाल्यापासून फक्त झाडंच बघतात, एक सल्ला दिला. ते म्हणाले, घराजवळचा एक किलोमीटरचा रस्ता घे आणि तोच बारा महिने बघ, झाडं कुठे पळून जात नाहीत, पण ती दर महिन्याला वेगळी दिसतात. खाली जे लिहिलंय ते सगळं त्याच एका सल्ल्यातून आलंय. मी पुण्यात राहतो म्हणून उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, कोल्हापूर, ठाणे कुठेही चालेल, शहरातली निम्मीअधिक झाडं सगळीकडे तीच असतात.

आधी रस्ता ठरवा

एक किलोमीटर, फार तर दीड. जास्त नको. घरातून चालत निघता आलं पाहिजे, गाडी काढायला लागली तर तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं हे मी स्वतःवरून सांगतोय.

रस्ता निवडताना एक साधी युक्ती आहे, वेगवेगळ्या प्रकारच्या जागा एकाच फेरीत येतील असं बघा. देवळाच्या आवारात वड, पिंपळ, उंबर, बेल यातलं काहीतरी हमखास असतं. जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये आंबा, फणस, बकुळ, सोनचाफा. रस्त्याच्या कडेला गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सप्तपर्णी, खोटा अशोक. ओढ्याच्या किंवा नाल्याच्या काठाला करंज, सुबाभूळ, आणि कुणीही न लावलेली आपोआप उगवलेली झाडं, ज्यांना शिकायला सगळ्यात मजा येते. नवीन सोसायट्यांमध्ये सहसा पामच असतात, तिथे वेळ घालवू नका.

मग वहीत रस्त्याचा कच्चा नकाशा काढा. सुंदर नको, दोन रेषा आणि वळणं पुरे. पहिल्या दिवशी फक्त दहा झाडं निवडा आणि त्यांना १ ते १० नंबर द्या. नावं माहीत नसली तरी चालतील, "नंबर ४, किराणा दुकानासमोरचं जाड खोडाचं" एवढं लिहिलं तरी बास. नावं नंतर येतात. उलटं केलं तर, म्हणजे आधी नावांची यादी घेऊन झाड शोधायला निघालं, तर डोळा तयारच होत नाही.

सामान काय लागतं? वही, पेन्सिल, मोबाईल, पाण्याची बाटली आणि शिंप्याची टेप. टेप खोडाचा घेर मोजायला. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर घेर मोजायची पद्धत आहे, तीच पाळा म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते. आणि जुन्या झाडांची नोंद ठेवणं तसंही बरं, कारण महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. गल्लीतलं झाड कधी अडचणीत आलं तर तारीख टाकलेला फोटो आणि घेर हाताशी असलेला चांगला.

वेळ सकाळी सात ते नऊ. उन्हं तिरपी असतात, साल नीट दिसते, ट्रॅफिक कमी असतो, आणि सोसायटीचे वॉचमन गप्पांच्या मूडमध्ये असतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. बरेच वॉचमनकाका गावाकडचे असतात, मराठवाड्यातले, विदर्भातले, आणि त्यांना झाडं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतात. "काका, तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात हो?" एवढं विचारा आणि मग ऐकत राहा.

पान म्हणजे नक्की कुठलं

इथे नवशिके अडकतात आणि मी पण अडकलो होतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कडुनिंबाचं एक पान दाखवा म्हटलं की बहुतेक जण ती छोटी दातेरी पाती दाखवतात. ती पान नाही, ती पर्णिका. एका काडीला दोन्ही बाजूंनी लागलेल्या सगळ्या पर्णिका मिळून एक पान होतं. ओळखायचं कसं? काडी फांदीला जिथे जोडलेली असते तिथे बेचक्यात बघा, बारीक डोळा दिसेल, म्हणजे पुढच्या फुटव्याची कळी. डोळा फक्त पानाच्या बेचक्यात असतो, पर्णिकेच्या कधीच नसतो. त्यामुळे पातीपासून मागे मागे जात राहा, डोळा सापडला की तिथून पुढचं सगळं एक पान. हे एकदा हाताला कळलं ना, की निम्मं काम झालं, खरंच.

आता पान कळलं की प्रत्येक झाडाला हेच प्रश्न विचारायचे. पान साधं आहे, आंब्यासारखं एकसंध, की संयुक्त, म्हणजे पर्णिकांचं? संयुक्त असेल तर एकदाच विभागलंय, कडुनिंबासारखं, की दोनदा, गुलमोहरासारखं, जिथे काडीला पुन्हा काड्या आणि त्यांना पर्णिका? पानं फांदीवर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एकाच ठिकाणाहून चक्रासारखी निघालीयत? कडा सरळ, दातेरी की लाटांसारखी? देठ तुटल्यावर पांढरा चीक येतो का? चुरगाळल्यावर वास कसा?

चिकाचं बघायला पान तोडायची गरज नाही, खाली नुकतं पडलेलं हिरवं पान सापडतं की. आणि तो चीक डोळ्याला लावू नका.

समोरासमोर आहेत की एकाआड एक, हा प्रश्न लोक फार हलक्यात घेतात. पण त्यानं एका फटक्यात अर्धी झाडं बाद होतात. नीलमोहर आणि गुलमोहर बिनफुलांचे असताना लांबून सारखेच दिसतात, दोघांची पानं पिसांसारखी, पण नीलमोहराची पानं फांदीवर समोरासमोर असतात आणि गुलमोहराची एकाआड एक. विषय संपला.

खाली बघा

सगळे वर बघत फिरतात आणि मान धरून घरी येतात. झाड ओळखायला जमीन जास्त उपयोगी. शेंगा, बिया, पडलेली फुलं, वाळकी पानं, सगळं तिथेच असतं आणि तोडायचं पाप पण लागत नाही. फक्त शेजारच्या झाडाचा कचरा वाऱ्यानं आलेला नाही ना एवढं बघा. मी एकदा वावळ्याच्या चकत्या, त्या पंख असलेल्या गोल पापडीसारख्या बिया, कडुनिंबाखालून गोळा करून दिवसभर डोकं खाजवत बसलो होतो. मार्च-एप्रिलमध्ये त्या सगळ्या रस्त्यावर उडत असतात, वावळा तीन बंगले पलीकडे होता.

गुलमोहराची शेंग लांब, चपटी, लाकडासारखी, लहानपणी आपण तलवार म्हणून खेळलोय ती. सोनमोहराची, म्हणजे पिवळ्या गुलमोहराची, छोटी, तांबूस, पातळ, दोन्ही टोकांना निमुळती. नीलमोहराची तर शेंगच वाटत नाही, गोल चपटी डबी असते. या तिघांचा घोळ शेंगांवरून कायमचा मिटतो. शिरीषाच्या शेंगा फिकट पिवळ्या, कागदासारख्या, हिवाळ्यात झाडावरच वाळून वाऱ्यानं खुळखुळ वाजतात, आणि पर्जन्यवृक्षाची शेंग जाड, काळपट, आत चिकट गोड गर, गुरं आवडीनं खातात. पर्जन्यवृक्षाला बरेच लोक शिरीषच म्हणतात, विलायती शिरीष असंही नाव आहे, तो मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आणि आपला शिरीष इथला. गुलमोहर मादागास्करचा. नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. आपल्या रस्त्यावरचं सगळ्यात "पुणेरी" वाटणारं निम्मं जंगल बाहेरून आलंय हे कळल्यावर मला जरा धक्का बसला होता, मग सवय झाली.

फसवणाऱ्या जोड्या

माझा कडुनिंबाचा किस्सा ऐकून हसणाऱ्यांना मी हे तिघं शेजारी ठेवून दाखवतो. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका विळ्यासारख्या जरा वाकड्या, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कडा दातेरी. बकाणाचं पान दोनदा-तीनदा विभागलेलं, फुलं जांभळट, आणि पिवळी गोल फळं पानं गळाल्यावरही झाडावर लटकत राहतात. महारुखाचं पान कडुनिंबासारखंच एकदा विभागलेलं पण प्रचंड, हातभर लांब, पर्णिकांना मोठे ओबडधोबड दात, झाड उंच सरळसोट, खोडावर जुन्या पानांच्या खुणा, आणि तो वास. फळ बघायला मिळालं तर प्रश्नच नाही, कडुनिंबाला निंबोळी आणि महारुखाला चपटी पंखवाली शेंग.

पळस आणि पांगारा. "पळसाला पाने तीनच" हे सगळ्यांना पाठ असतं त्यामुळे तीन पर्णिका दिसल्या की लोक पळस म्हणून मोकळे होतात. पण पांगाऱ्याला पण तीनच. पळसाच्या पर्णिका जाड, चामड्यासारख्या, खरखरीत, मोठ्या, त्याच्याच पत्रावळी होतात. पांगाऱ्याच्या पातळ, मऊ, जरा त्रिकोणी, आणि फांद्यांवर काळे छोटे काटे. पळसाचं खोड वेडंवाकडं, पांगाऱ्याची साल त्या मानानं गुळगुळीत. फुलं दोघांची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पळसाची केशरी पोपटाच्या चोचीसारखी, पांगाऱ्याची लालभडक. त्याच सुमाराला काटेसावर पण लाल असते, पण तिचं फूल मोठं, पाच जाड मांसल पाकळ्यांचं, आणि पान हाताच्या पंज्यासारखं, पाच ते सात पर्णिका एकाच बिंदूतून निघालेल्या. कोवळ्या खोडावर जाडजूड शंकूसारखे काटे असतात, म्हातारपणी बरेचसे जातात.

अशोक हा तर सरसकट गोंधळ. सोसायटीच्या भिंतीला रांगेत उभं असतं ते उंच, खालपर्यंत लोंबत्या फांद्यांचं झाड अशोक नाहीच, तो खोटा अशोक किंवा आसुपालव, पान साधं, लांब, कडा लाटांसारखी. खरा तो सीतेचा अशोक, त्याचं पान संयुक्त, फुलं केशरी-शेंदरी गुच्छात थेट जाड फांद्यांवर आलेली, आणि कोवळी पानं तांबूस, मलूल लोंबत असतात. पहिल्यांदा बघितलं तर झाड आजारी आहे असंच वाटतं.

आणि दसऱ्याचं सोनं. बाजारात आपटा म्हणून जे मिळतं त्यात कांचनाची पानं सर्रास असतात. आपट्याचं पान छोटं, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं, तळहाताएवढं. दोघांना मधे खाच असते, म्हणून खपून जातं. एकदा फरक कळला की दसऱ्याला प्रत्येक घरी जाऊन "हा आपटा नाहीये" असं सांगायचा मोह होतो, तो आवरा. मी नाही आवरला, काकूंनी चहा विचारला नाही.

वड, पिंपळ, उंबर ही सगळी एकाच घराण्यातली. खूण म्हणजे चीक, आणि फांदीच्या टोकाला कळीवर असलेलं टोकदार टोपण. पान उमललं की ते टोपण गळून पडतं आणि फांदीवर बांगडीसारखी गोल रेघ राहते. एखादं झाड वड पण नाही पिंपळ पण नाही असं वाटतंय, पण चीक आहे आणि बांगडी आहे? मग ते याच घराण्यातलं समजा, पायर किंवा नांदरुक असू शकतं, आणि शांतपणे पुढे शोधा.

सालीबद्दल थोडं. एकट्या सालीवरून झाड ओळखणं हे पुढचं शिक्षण आहे, पण काही साली इतक्या बोलक्या असतात की पहिल्या दिवसापासून जमतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोन चौकोन पडलेली. त्याचा सख्खा भाऊबंद अर्जुन, त्याची साल गुळगुळीत, फिकट, पापुद्रे निघणारी. बुचाची साल जाड, हलकी, भेगाळलेली, बाटलीचं बूच करायला वापरायचे म्हणूनच ते नाव. सागाची साल मला कधीच पाठ झाली नाही, पण त्याचं कोवळं पान बोटांत चोळलं की बोटं लाल होतात, लहान मुलांना हे दाखवलं की ती दिवसभर सागच शोधतात.

अॅप वापरावं का

वापरा, पण शेवटी. आयनॅचरलिस्ट किंवा गुगल लेन्स, काहीही. आधी स्वतः अंदाज वहीत लिहायचा आणि मग फोटो टाकायचा, नाहीतर डोक्याला काही कामच राहत नाही. फोटो एकच लांबून काढला तर अॅप काहीही सांगतं. चार फोटो घ्या, पूर्ण झाडाचा, सालीचा, पान फांदीला कसं जोडलंय त्याचा, आणि फूल किंवा शेंग असेल तर तिचा. पानाचा फोटो मागून पण काढा. आयनॅचरलिस्टवर तुमची नोंद दुसरी माणसं बघून दुजोरा देतात किंवा चूक दुरुस्त करतात, तो भाग मशीनपेक्षा भारी आहे. घराच्या कंपाउंडमधलं झाड असेल तर लोकेशन अंधुक करायचा पर्याय असतो तो वापरा.

नावांचं एक सांगतो. मराठी नावं जिल्ह्यागणिक बदलतात. ऐनाला गोव्यात मट्टी म्हणतात. सोनसावर आणि गणेर एकच. मोई आणि शिमटी एकच. त्यामुळे वहीत स्थानिक नाव लिहा, वॉचमनकाकांनी सांगितलेलं पण लिहा, आणि शेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत का होईना लिहून ठेवा. नाहीतर दोन माणसं एकाच झाडावरून वाद घालत बसतात आणि दोघंही बरोबर असतात.

आता तोच रस्ता, महिन्याला एकदा

महिन्यातला एक रविवार ठरवून टाका, मी दुसरा धरतो. दहा झाडांपुढे उभं राहून दोन-दोन ओळी लिहायच्या, पानं आहेत का, पालवी, कळ्या, फुलं, फळं, पानगळ. अर्धा-पाऊण तास लागतो. दर महिन्याला दोन-तीन नवीन नंबर वाढवले की वर्षअखेरीला तीस-पस्तीस झाडं होतात आणि ती विसरत नाहीत, कारण तुम्ही ती कपडे बदलताना बघितलेली असतात.

माझ्या रस्त्यावर जानेवारीत आंब्याचा मोहोर सुरू होतो. फेब्रुवारीत काटेसावर निष्पर्ण आणि फुलांनी लाल, बुलबुल, मैना, कावळे सगळे तिच्यावर पडीक. मार्च-एप्रिलला करंज अचानक असा पोपटी चमकतो की लांबून तेल लावल्यासारखा दिसतो, आणि पिंपळाला तांबूस पालवी. एप्रिल-मे म्हणजे बहावा, पिवळ्या घोसांच्या शेजारी गेल्या वर्षीच्या काळ्या दांडक्यासारख्या शेंगा पण लटकत असतात, आणि तामण, आपलं राज्यफूल, जांभळं. तामणाची वाळकी गोल बोंडं वर्षभर झाडावर असतात त्यामुळे फुलं नसतानाही ओळखता येतं. पावसाळ्यात लोक फिरायचं बंद करतात, ते चूक आहे, सागाचे पांढुरके तुरे तेव्हाच येतात आणि कदंबाचे चेंडू पण पावसाळ्यातच. ऑक्टोबरमध्ये रात्री कुठूनतरी उग्र गोड वास आला की मान वर करा, सप्तपर्णी. एका ठिकाणाहून निघालेली साधारण सात पानांची चक्रं असतात. वास काहींना आवडतो, काहींचं डोकं उठतं, मी दुसऱ्या पार्टीतला. आणि त्याच्या आगेमागे सकाळी रस्त्यावर बुचाच्या लांब दांड्यांच्या पांढऱ्या फुलांचा सडा, पोरी दोरा न घेता वेणी करायच्या ती.

पावसाळ्यानंतर डिसेंबर-जानेवारीत पानगळ सुरू झाली की घाबरू नका. नुसत्या फांद्यांवरून ओळखायची प्रॅक्टिस तेव्हाच होते.

मग मोठ्या वाटा

दहा-पंधरा झाडं पक्की झाली की बाहेर पडा, त्याआधी नको.

पहिली वाट बागेची. एम्प्रेस गार्डन, रेसकोर्सजवळ. ती अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया चालवते. जुनी मोठी झाडं एकाच जागी सावलीत निवांत बघता येतात, आणि गारंबीचा तो अवाढव्य वेल, ज्याला बघून वेल आणि झाड यातला फरकच कळेनासा होतो. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन असतं, तेव्हा झाडं बघायला जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही.

दुसरी विद्यापीठाचा परिसर, चारशेच्या वर एकर आहे. मुख्य इमारत पूर्वीचं गव्हर्नरचं निवासस्थान, त्यामुळे भोवतीची लागवड जुनी. गोरखचिंच बघायची तर इथे, मूळची आफ्रिकेची, खोड एवढं जाड की तीन-चार जणांनी हात धरून कवेत घ्यावं लागतं. जवळच गणेशखिंडची बाग, तिला राज्य सरकारनं २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलंय. अशा ठिकाणी आत जायच्या वेळा आणि परवानगी गेटवर विचारून घ्यायची, वाद घालायचा नाही.

मुंबईकरांनी राणीची बाग. १८६०च्या दशकातली बाग आहे, लोक पेंग्विन बघून परत येतात आणि खरा खजिना, कैलासपती, उर्वशी, गोरखचिंच, तसाच राहतो. बुधवारी बंद असते. कैलासपतीची फुलं आणि तोफगोळ्यांएवढी फळं थेट खोडावर येतात, ते बघायला तरी जा.

तिसरी आणि माझी सगळ्यात आवडती वेताळ टेकडी. इथे शहरातली झाडं विसरून जा. कोरडी, खडकाळ जमीन, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंची, आणि झाडं खुरटी पण चिवट. लॉ कॉलेज रोडच्या बाजूनं, गोखलेनगरकडून, पाषाणकडून, चतुःशृंगीकडून कुठूनही चढता येतं. चढल्या चढल्या जे हिरवं दाट दिसतं त्यातलं बरंच गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतून आलेलं, वनीकरणात लावलेलं, जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी भरतं आणि लोक सेल्फी काढतात. फोटो काढा, पण तिथेच थांबू नका. जिथे गिरिपुष्प विरळ होतं तिथे खरी टेकडी सुरू होते.

सालई बघा, पान कडुनिंबासारखंच दातेरी, पण साल राखाडी-हिरवट, कागदासारखे पापुद्रे निघणारी, डिंकाला धुपासारखा वास. मोई त्याच भागात, पर्णिकांच्या कडा सरळ, दात नाहीत. मेडशिंगी, शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वाकडी, नावातच सगळं आहे. हिवर, फिकट खोडाचा, छत्रीसारखा. खैर, आकड्यासारखे जोडीनं काटे. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसलेल्या वेड्यावाकड्या फांदीवर तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं दिसली की ती गणेर, तीच सोनसावर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी प्लास्टिकची फुलं अडकवलीयत.

एप्रिलमध्ये टेकडी मेलेली वाटते. जूनच्या दोन पावसांनंतर जा आणि त्याच झाडांना पुन्हा नंबर देऊन बघा.

सांभाळायचं काय ते पटकन सांगतो. खाजकुइलीच्या तपकिरी मखमली शेंगांना हात लावू नका, वाऱ्यानं पण लव उडते. बिब्याचं तेल अंगावर उततं, सह्याद्रीत फिरायला लागलात की तो भेटेल, माहीत नसलेल्या झाडाचा चीक-तेल अंगाला लावायचं नाही. ओळख पटली असं वाटलं तरी काही चाखून बघायचं नाही, बिट्टीसारखी विषारी झाडं अगदी अंगणात असतात. आग्या मोहोळ दिसलं तर मोठ्यानं बोलणं बंद आणि लांबून वळसा. टेकडीवर एकट्यानं आडवाटेला जाऊ नका, अंधार पडायच्या आत खाली या. साधे बूट घाला, स्लीपर नको. आणि झाडाला खिळा, पाटी, खडूची खूण काही नको, नंबर आपल्या वहीत.

ग्रुपनं जायचं असेल तर सहा-सात माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की पुढचे दोघं झाड बघतात आणि मागचे कुठे मिसळ खायची ते ठरवतात. लहान मुलं बरोबर असतील तर नावं सांगू नका, कामं द्या, "सगळ्यात खरखरीत पान शोध", "खोडावर फळ आलेलं झाड शोध", मग ती उंबरापाशी जाऊन ओरडतात. आजी-आजोबांना न्यायचं असेल तर टेकडी नको, देवळाचा पार असलेला रस्ता घ्या, ते पारावर बसून तुम्हाला निम्मी झाडं बसल्याजागी सांगतात, आणि कुठल्या झाडाचं काय लोणचं घालायचे ते पण.

माझ्या आईला मी आता दर पाडव्याला बरोबर नेतो. डहाळी तीच निवडते, अजूनही आधी वास घेते.